ग्राइंडरचे गार्ड कोण काढतो?

वाचकहो, या पानावर बहुतेक वेळा बाजारभाव, उधारी, भागीदारी, बिनव्याजी भांडवल असे विषय येतात. या वेळी आम्ही हातात धरून चालवायच्या एका यंत्राविषयी लिहीत आहोत. कापडाच्या व्यापाऱ्याला ग्राइंडरशी काय काम, असे कोणी विचारील. काम आहे. वागळे इस्टेटच्या वर्कशॉपमध्ये यंत्रे पुसायला जी चिंधी लागते ती कापडाच्याच धंद्यातून जाते. पोती उतरवून झाल्यावर पैशासाठी थांबावे लागते (किती थांबावे लागते तो वेगळा लेख होईल), आणि थांबले की गाळ्यात काय चालले आहे ते डोळ्यांना दिसतेच. दुसरे असे की राबोडी, मुंब्रा, कल्याण, भिवंडी इथली आपली कितीतरी मुले या एकाच हत्यारावर रोजी कमावतात. त्यांच्या घरच्यांना या हत्याराची माहिती असावी, आणि ज्यांचा स्वतःचा गाळा आहे त्यांनी तर हा मजकूर कामगारांना मोठ्याने वाचून दाखवावा, अशी आमची इच्छा आहे.

वागळे इस्टेट ही साधी जागा नव्हे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची सुरुवात 1 ऑगस्ट 1962 रोजी इथूनच झाली. मोठमोठ्या कारखान्यांनी ठाण्याला ओळख दिली. पुढे त्यातले बरेच बंद पडले, काही बाहेर गेले, आणि त्यांच्या जमिनीवर काचेच्या इमारती उभ्या राहून आत संगणकाची कामे सुरू झाली. पण ग्राइंडर काही इथून गेला नाही. लहान गाळ्यांमध्ये फॅब्रिकेशन, डाय, प्रेसचे काम अजून चालते, आणि त्या काचेच्या इमारतींच्या आतले फर्निचर, ग्रॅनाइट, अॅल्युमिनियम, डक्ट यांची कामेही हाच ग्राइंडर करतो. फरक इतकाच की पूर्वी तो कारखान्यात फोरमनच्या नजरेखाली चालायचा; आता ठेकेदाराच्या मुलाच्या पिशवीतून येतो आणि त्याच्यावर कोणाचीच नजर नसते.

यंत्र आणि चकती

ज्याला सगळे नुसते 'ग्राइंडर' म्हणतात त्याचे नाव अँगल ग्राइंडर. मोटर लांब दांड्यात, चकती तिला काटकोनात. जलद फिरणारा अँगल ग्राइंडर 1954 साली जर्मनीतल्या एका कंपनीने बाजारात आणला, आणि त्या कंपनीच्या 'फ्लेक्स' या नावावरून जर्मन कारागीर आजही या यंत्राला फ्लेक्सच म्हणतात. चकत्यांची गोष्ट आपल्या जवळची आहे. देशातला घासचकत्यांचा पहिला कारखाना, ग्राइंडवेल, 1941 मध्ये उरणजवळच्या मोरा इथे सुरू झाला. तेव्हा हे तंत्र आपल्या भागाला नवे नाही. त्याची शिस्त मात्र अजून आलेली नाही.

चकती म्हणजे लोखंड नव्हे, हे आधी लक्षात घ्यावे. कडक खड्यांचे कण आणि त्यांना धरून ठेवणारे रेझिन, आत काचेच्या धाग्याची जाळी, मध्ये धातूचे कडे, एवढाच तिचा संसार. खड्यांनी कापावे, रेझिनने धरून ठेवावे आणि जाळीने तुकडे उडू देऊ नयेत, अशी वाटणी आहे. ती ओलीत पडली, उन्हात तापली, जड सामानाखाली वाकली किंवा जुनी झाली की रेझिनची पकड कमी होते. म्हणून बऱ्याच कंपन्या मधल्या कड्यावर मुदतीचा महिना आणि वर्ष ठोकून देतात. आम्ही एका गाळ्यात सहज दहा चकत्या उचलून कड्यावर पाहिले, तर तीन मुदत संपलेल्या निघाल्या. मालकाने हसून सांगितले, "शेठ, चकती क्या दवाई है?" औषधापेक्षा जास्त जपायची वस्तू आहे, कारण मुदत संपलेले औषध निदान ताशी दोनशे किलोमीटरने अंगावर येत नाही.

दोन आकडे

ताशी दोनशे हा आकडा आम्ही असाच ठोकलेला नाही. शाळेतल्या गणिताने तो काढता येतो. 4 इंची चकतीचा व्यास 10 सेंटीमीटर. तिचा घेर सुमारे 31.4 सेंटीमीटर. 4 इंची मशीन रिकामी असताना मिनिटाला साधारण 11,000 फेरे घेते. म्हणजे चकतीची कड मिनिटाला जवळजवळ 3,450 मीटर पळते. ताशी हिशेब केला तर 207 किलोमीटर. पुण्याला जाणारी कोणतीही गाडी इतकी पळत नाही.

आता 7 इंची चकती घ्या. व्यास 18 सेंटीमीटर, घेर साडेछप्पन्न सेंटीमीटर. ती तिच्या स्वतःच्या 7 इंची मशीनवर बसवली तर अडचण नाही, कारण ती मशीन मुद्दाम हळू, मिनिटाला 8,500 फेऱ्यांच्या आत ठेवलेली असते. तीच चकती गार्ड काढून 4 इंची मशीनवर बसवली, तर तिची कड सेकंदाला जवळपास 104 मीटर, म्हणजे ताशी 373 किलोमीटर पळू लागते. अशा चकत्या सेकंदाला 80 मीटरपर्यंतच्या वेगासाठी बनवलेल्या असतात. वेग 80 वरून 104 वर गेला म्हणजे सव्वापटीहून थोडा जास्त झाला, असे वाटून कोणी निर्धास्त राहील. पण चकतीला आतून फाडणारा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणून ताण सव्वापट होत नाही, सुमारे 1.7 पट होतो.

हा हिशेब ज्याला करता येत नाही त्याने नुसते दोन आकडे वाचावेत. मशीनच्या पाटीवर एक आकडा असतो, चकतीच्या कागदावर दुसरा. चकतीवरचा आकडा मशीनवरच्या आकड्याएवढा किंवा त्याहून मोठा पाहिजे. 7 इंची चकतीवर 8,500 च्या आसपास छापलेले असेल आणि मशीनवर 11,000, तर ती जोडी होत नाही. इंग्रजी न येणाऱ्या मुलालाही आकडे वाचता येतात. उर्दू शाळेत शिकलेल्यालाही. आम्हीही तिथेच शिकलो.

मोठी चकती का बसवतात?

हा खरा मुद्दा आहे, आणि सुरक्षेच्या फलकांवर तो कुठे लिहिलेला नसतो. 4 इंची चकती खोल कापत नाही. मधला नट आणि डोके आड येते, त्यामुळे जाड पाइप किंवा मोठा अँगल एका बाजूने कापून होत नाही, फिरवून कापावा लागतो. 7 इंची मशीन जड आणि महाग. तेव्हा मालक काय करतो? मशीन 4 इंची ठेवतो आणि चकती 5 किंवा 7 इंची आणतो. गार्ड आड येते, म्हणून गार्ड काढतो. भोकही जुळत नाही, कारण 4 इंची चकतीचे भोक 16 मिलिमीटरचे आणि मोठ्या चकत्यांचे सव्वाबावीस मिलिमीटरच्या जवळ. मग एखादी रिंग, वॉशर किंवा वायरचा वेटोळा घालून ती बसवतात. चकती मध्यावर बसत नाही, थरथरते, आणि थरथर म्हणजे तुटण्याची पहिली पायरी.

5 इंची चकतीचे गणित केले तर ती 11,000 फेऱ्यांवर सेकंदाला 72 मीटर पळते, म्हणजे 80 च्या आत राहते. म्हणून उस्ताद लोक म्हणतात, चालते की. वेगापुरते ते बरोबर आहे. पण गार्ड गेलेले आहे आणि चकती मध्यावर नाही, या दोन गोष्टी त्या गणितात येत नाहीत.

"गार्ड निकाल, बीच में आता है" हे वाक्य आम्ही वागळे इस्टेटमध्ये इतक्या वेळा ऐकले आहे की मोजदाद नाही. गार्ड मध्ये येण्यासाठीच असते. चकती आणि माणूस यांच्या मध्ये.

एका गाळ्यात, नाव देण्यात अर्थ नाही, 4 इंची मशीनवर 7 इंची चकती लावून चौकोनी पाइप कापणे चालू होते. पाइप खालून टेकवलेला नव्हता. काप पूर्ण होत आला तसा पाइप मधोमध खाली झुकला आणि कापाच्या फटीने चकती चिमटीत धरली. चकतीचे तीन तुकडे झाले. मशीन धरणाऱ्या मुलाला काहीच लागले नाही. समोर आठ-दहा फुटांवर बसून बरी काढणाऱ्या माणसाच्या गालावरून कानापर्यंत तुकडा गेला. डोळा अर्ध्या इंचाने वाचला. तो माणूस ग्राइंडर चालवत नव्हता, चकती त्याने निवडली नव्हती आणि गार्डही त्याने काढले नव्हते. सगळे म्हणाले, तकदीर. मालक तर सर्वांत आधी म्हणाला.

तकदीरवर आमचा ईमान आहे. पण उंट बांधण्याची हदीस ज्याने ऐकली आहे त्याने गार्ड काढून तवक्कुलची भाषा करू नये. मजुरी वेळेवर देण्याची हदीस आपल्या शेठ लोकांना तोंडपाठ असते आणि बरेच जण ती पाळतातही. आमच्या मते कामगाराचे बोट आणि डोळा हीसुद्धा मालकाकडे दिवसभरासाठी ठेवलेली अमानतच आहे. संध्याकाळी ती परत जायची असते.

कायदा काय म्हणत आला

कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 30 मध्ये घासकामाच्या प्रत्येक यंत्राजवळ सूचना लावण्याची सक्ती होती. चकतीचा सुरक्षित कमाल वेग किती, दांडा किती फेरे घेतो, हे त्यावर लिहायचे, आणि तो वेग ओलांडायचा नाही. म्हणजे वर आम्ही जे दोन आकडे सांगितले तेच. कलम 35 मध्ये उडणाऱ्या कणांपासून डोळ्यांचे रक्षण होते, आणि कलम 23 मध्ये धोक्याच्या यंत्रावर कोवळ्या वयाच्या कामगाराला पुरेशा शिक्षणाशिवाय उभे करण्यास मनाई. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याची जागा 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीच्या संहितेने घेतली आहे. तिच्यात वीज वापरणारा कारखाना म्हणजे 20 किंवा अधिक कामगार असलेला. 1948 च्या मूळ कायद्यात हा आकडा 10 होता. चार-पाच माणसांचा गाळा तेव्हाही त्या व्याख्येच्या बाहेर होता, आता बारा-पंधरा माणसांचाही बाहेर गेला. इन्स्पेक्टर येत नाही याचा आनंद मानणाऱ्यांनी मानावा, पण चकती कामगारांची संख्या मोजत नाही.

भरपाईचा हिशेबही सांगून ठेवतो, कारण व्यापाऱ्याला हिशेब लवकर समजतो. 1923 च्या भरपाई कायद्याच्या परिशिष्टात अंगठा पूर्ण गेला तर कमावण्याची ताकद 30 टक्के गेली असे धरले होते, आणि एक डोळा गेला, दुसरा चांगला राहिला, तर 40 टक्के. तिशीच्या आतल्या पोराच्या बाबतीत ही रक्कम लाखांत जाते. एका कटिंग व्हीलला चहा-वडापावाचे पैसे पडतात. राज्य कामगार विम्यात नाव असेल तर जखमी कामगाराला उपचार मिळतात आणि तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात पगाराच्या 90 टक्के रक्कम मिळते, तीही नोकरीच्या पहिल्या दिवसापासून. दहा आणि त्याहून अधिक कामगार असून ज्यांनी नावे नोंदवलेली नाहीत, त्यांनी कोणाचे किती वाचवले याचा विचार करावा.

हात, डोळा, कपडे

दुसरे हँडल लावूनच मशीन धरावी, दोन्ही हातांनी. आपल्याकडे एका हातात ग्राइंडर आणि जॉब पायाखाली, पायात चप्पल, हे चित्र नेहमीचे आहे. चकती अडकली की मशीन उलट उसळते आणि एका हाताला तेवढा जोर नसतो. जॉब शेगड्यात किंवा क्लॅम्पने पकडावा, आणि कापताना काप उघडत जाईल, मिटत जाणार नाही, असा आधार द्यावा. कटिंगच्या पातळ चकतीने बाजूने घासू नये. घासायला जाड डीसी व्हील वेगळे मिळते. सुतार मंडळी दातांची लाकूड कापायची पाती ग्राइंडरवर चढवतात, त्याविषयी आम्ही एवढेच सांगू की तो प्रकार कधीच करू नये. ती पाती लाकडात अडकते तेव्हा हात मागे घ्यायला वेळ राहत नाही.

नवी चकती बसवली की मशीन अंगापासून दूर, कोणाच्या समोर नाही अशी धरून अर्धा ते एक मिनिट रिकामी चालवावी. तुटायची असेल तर बहुधा तेव्हाच तुटते. चकती बदलताना खटका बंद करणे पुरेसे नाही, पिन सॉकेटमधून काढावी. इथे पिन हा शब्द आम्ही आशेने वापरला, कारण अनेक ठिकाणी वायरची उघडी टोके माचिसच्या काडीने सॉकेटात खोचलेली असतात. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. वीज गेली, कारागिराने मशीन खाली ठेवली, खटका चालूच राहिला. वीज आली की ती मशीन जमिनीवर आपोआप धावू लागते. म्हणून वीज गेल्याबरोबर आधी खटका बंद करावा.

साधा रंगीत चष्मा म्हणजे गॉगल नव्हे. बाजूने बंद असलेला गॉगल आणि त्यावर चेहऱ्याची ढाल असे दोन्ही असावे. डोळ्यात कण गेला की गाळ्यात एखादा 'एक्सपर्ट' असतोच, जो काडीच्या टोकाने किंवा रुमालाच्या कोपऱ्याने कण काढून देतो. लोखंडाचा कण बुबुळावर काही तासांतच गंज सोडू लागतो, आणि काडीने बुबुळ खरवडले जाते ते वेगळेच. डोळा चोळू नये, स्वच्छ पाण्याने धुवावा आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावे. तुकडा डोळ्यात रुतला असेल तर धुवूही नये, ओढूही नये. दाब न देता झाकून थेट रुग्णालय गाठावे. बोट तुटले तर जखमेवर स्वच्छ कापडाने दाब द्यावा. तुटलेला भाग ओल्या स्वच्छ कापडात, मग प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि ती पिशवी बर्फात ठेवावी. बर्फ थेट बोटाला लावू नये.

कपड्यांच्या बाबतीत आमचा अधिकार थोडा जास्त आहे. ढगळ बाह्यांचा कुर्ता, गळ्यातला रुमाल, जॅकेटची लोंबणारी दोरी, यांतले काहीही चकतीने पकडले की ती माणसाला आपल्याकडे ओढते. पॉलिस्टर ठिणगीने वितळून कातडीला चिकटतो. त्यापेक्षा जाड सुती कापड बरे, ड्रिल किंवा डेनिम, घट्ट बाह्यांचे. दाढी लांब असेल तर ती शर्टाच्या आत घ्यावी. दाढीवर कोणताही घट्ट बसणारा मास्क बसत नाही, बाजूने हवा आत येते. लोखंडाच्या कामात त्याने थोडे बिघडेल. ग्रॅनाइट कापताना मात्र फार बिघडेल, कारण त्याच्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसात कायमची बसते. तिथे धूळ उठूच नये असे करायला हवे. धूळ ओढणारे हूड लावावे किंवा पाण्याच्या कामासाठीच बनवलेले कटर आणि त्याला आरसीसीबी लावावी. साध्या ग्राइंडरवर बाटलीने पाणी ओतणे म्हणजे एक संकट टाळून विजेचा झटका घेणे होय.

रमजानमध्ये कापण्या-घासण्याचे काम सकाळी उरकून घ्यावे आणि असरनंतर रंग, जोडणी, मोजमाप अशी कामे ठेवावीत. काही उस्ताद हे आपणहून करतात, त्यांचे आम्हाला कौतुक वाटते. रोजा, कमी झोप आणि इफ्तारला घरी पोचायची घाई, यात 11,000 फेऱ्यांचे यंत्र हातात नको.

ठिणगी आणि चिंधी

आता आमच्या मालाविषयी. ग्राइंडरची ठिणगी म्हणजे तापलेल्या लोखंडाचा कण. तो तीस-पस्तीस फुटांपर्यंत जातो आणि घरंगळत फटीत शिरतो. जिथे वर्कशॉपमध्ये तेलाने भिजलेली चिंधी कोपऱ्यात ढीग करून ठेवतात तिथे त्याला आणखी काही लागत नाही. वापरलेली चिंधी झाकणाच्या लोखंडी डब्यात टाकावी आणि डबा रोज रिकामा करावा. कोरी पोती घासकामाच्या बाजूला ठेवूच नयेत. हे सांगितल्याने चिंधीचा खप वाढत नाही, उलट घटतो.

कापडवाल्यांनी स्वतःचे गोदामही पाहावे. शटर अडकले, रॅक वाढवायची आहे, जिन्याला कठडा लावायचा आहे, की वेल्डर आणि ग्राइंडरवाला आत येतो आणि गाठी तिथेच असतात. भिवंडीत मागांच्या शेडमध्ये तर उडालेला सुताचा तंतू तुळईवर थर करून बसलेला असतो. कापसाची आग लगेच ज्वाळा दाखवत नाही. गाठीच्या आत ती तासन्‌तास धुमसते, आणि काम करणारा मजुरी घेऊन गेल्यानंतर, शटर बंद झाल्यानंतर पेटते. म्हणून कापण्याचे काम शक्यतो बाहेर करून तुकडे आत आणावेत. आतच करावे लागले तर पस्तीस फुटांतला माल हलवावा किंवा न जळणाऱ्या जाड आच्छादनाने झाकावा, तंतू झाडून घ्यावा, पाण्याच्या बादल्या आणि अग्निशामक जवळ ठेवावा. काम संपल्यावर एक माणूस किमान तासभर तिथेच बसवावा, आणि तो माणूस ग्राइंडरवाल्याचा नको, गोदामाचा असावा. हे काम दुकान बंद करण्याच्या वेळी कधीही काढू नये, सकाळी काढावे. असरच्या नमाजला जाताना गोदामात एकदा परत नजर टाकता येते आणि गाठींवर हात ठेवून ऊब लागते का ते पाहता येते.